मोटर आधी की वही आधी? सूर्यामागे फिरणाऱ्या पॅनेलच्या सामानाची गोष्ट

प्रोजेक्टचा सीझन सुरू झाला की हॉस्टेलच्या मेसमध्ये दोनच विषय असतात. एक म्हणजे आजच्या भाजीत काय आहे, आणि दुसरा म्हणजे "सामान कुठून आणलंस रे?" पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही. दुसऱ्यावर मात्र थोडं लिहिता येईल, कारण आमच्या चौघांच्या ग्रुपने या वर्षी घरी बनवलेला, म्हणजे खरं तर हॉस्टेलच्या गच्चीवर बनवलेला, सोलर ट्रॅकर उभा केला. ४० वॅटचं पॅनेल सकाळी पूर्वेकडे तोंड करतं, संध्याकाळपर्यंत पश्चिमेला वळतं आणि रात्री आपोआप परत जागेवर येतं. मोटर, सेन्सर, कंट्रोल, सगळं त्यात आलं.

आता सोलर ट्रॅकर म्हटल्यावर सिनिअर लोक हसणार. दर वर्षी प्रत्येक कॉलेजात तीन-चार ट्रॅकर तरी होतातच, आणि त्यातले निम्मे दुकानातून 'रेडीमेड' येतात हे उघड गुपित आहे. रिपोर्टसकट, बाइंडिंगसकट! आमच्यासमोरही तो रस्ता होता. पण आमच्यातला एकजण मंगळवेढ्याचा. त्याला घरून महिन्याला ठरलेली रक्कम येते आणि त्यातच मेसचं बिलही भागवायचं असतं. त्याने सरळ सांगितलं, "मी माझा वाटा देईन, पण ज्याच्यासाठी देतोय ते मला व्हायव्हात सांगता आलं पाहिजे." त्यामुळे प्रत्येक वस्तू घेण्याआधी "ही का?" असं विचारायचं ठरलं. या लेखात जे आहे ते त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

बहुतेक ग्रुप सुरुवात करतात ती दुकानापासून. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण स्टेशनबाहेर कुणालाही लॅमिंग्टनच विचारा). काउंटरवर जाऊन म्हणायचं, "काका, सोलर ट्रॅकरसाठी मोटर द्या." काकांकडे जी असेल ती ते देतात. यात त्यांचा दोष नाही. पॅनेल केवढं, वारा किती, किती वेगाने फिरवायचं, यातलं आपण काहीच सांगितलेलं नसतं. मग मोटरला चालेल असा ड्रायव्हर, ड्रायव्हरला चालेल अशी सप्लाय, आणि शेवटी या सगळ्याला पेलेल असा सांगाडा अशी उलटी गंगा वाहते.

आम्हाला सगळ्यांनी सांगितलं होतं की वायपर मोटर घ्या. गाडीची जुनी वायपर मोटर नाना पेठेत किंवा भंगारात मिळते, ताकद भरपूर असते, आत वर्म गिअर असतो. हे सगळं खरं आहे. पण तिचे दोन गुण कुणी सांगत नाही. पहिला म्हणजे तिची भूक. मोकळी फिरतानाच दोन-चार अँपिअर खाते, आणि अडकली तर दहा-पंधराच्याही पुढे जाते. मग दोन अँपिअरचा एल-२९८ ड्रायव्हर पुरत नाही, मोठा आणावा लागतो. दुसरा गुण जास्त खोडसाळ आहे. बऱ्याच वायपर मोटरींमध्ये एक ब्रश थेट बॉडीला जोडलेला असतो, कारण गाडीत बॉडी म्हणजेच निगेटिव्ह. आपण मोटर उलटी फिरवायला वायरी अदलाबदल केल्या की बॉडीवर १२ व्होल्ट येतात, आणि बॉडी लोखंडी फ्रेमवर बोल्ट केलेली असली की पुढचा आवाज आणि वास सगळ्या मजल्याला कळतो. म्हणून वायपर मोटर घ्यायचीच असेल तर दुकानातच मल्टिमीटरचं एक टोक बॉडीला आणि दुसरं आळीपाळीने प्रत्येक वायरीला लावून बघा.

आम्ही मात्र दुकानात जायच्या आधी वही उघडली.

पहिला प्रश्न असा की पॅनेलला सूर्याकडे किती अचूक बघायला हवं? पॅनेलवर पडणारं ऊन कोनाच्या कोसाइनप्रमाणे कमी होतं. ८ अंशाची चूक झाली तर कॉस ८ म्हणजे ०.९९, नुकसान एक टक्का! हा आकडा वहीत आला आणि अर्धा प्रोजेक्ट स्वस्त झाला. एन्कोडर नको, सर्व्हो नको, पीआयडी नको. (पीआयडी नसेल तर प्रोजेक्टचं नाव जड वाटत नाही, ही आमच्या गाइड सरांची काळजी होती. आकडे दाखवल्यावर त्यांनीच ते नावातून काढलं.)

दुसरा प्रश्न वेगाचा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे चार मिनिटांना एक अंश. आम्ही दर वीस मिनिटांनी पाच अंश हलवायचं ठरवलं. वायपर मोटर मिनिटाला साधारण ४० फेरे मारते; ती पॅनेलच्या दांड्यालाच थेट जोडली तर पाच अंश डोळ्याची पापणी लवायच्या आत होतील आणि थांबवता थांबवता पुरेवाट. म्हणून वेग खूप कमी करणारं काहीतरी हवं. त्यासाठी सगळ्यात स्वस्त गिअरबॉक्स म्हणजे साधा आट्यांचा रॉड. एम-१२ थ्रेडेड रॉडचा पिच १.७५ मिलिमीटर असतो. मोटर मिनिटाला ६० फेरे फिरली तर नट मिनिटाला १०५ मिलिमीटर सरकतो. पॅनेलच्या अक्षापासून २०० मिलिमीटरवर तो नट जोडला की पॅनेल साधारण दोन सेकंदांत एक अंश फिरतं. हवं तेवढं संथ.

तिसरा प्रश्न ताकदीचा, आणि इथेच सगळे 'अंदाजपंचे' करतात. आमचं पॅनेल साधारण ०.३ चौरस मीटर. मध्यावर तोललेलं असल्यामुळे त्याचं वजन उचलायचं नाही, झुंजायचं ते वाऱ्याशी. ताशी ७२ किलोमीटरचा वारा, म्हणजे सेकंदाला २० मीटर धरला, तर दाब ०.५ गुणिले १.२ गुणिले ४०० म्हणजे २४० पास्कल. पॅनेलवर जोर सुमारे ९० न्यूटन. तो बरोबर मध्यावर न लागता १० सेंटिमीटर बाजूला लागला असं धरलं तर ९ न्यूटन-मीटर. पॅनेल टोकाला ४५ अंश वळलेलं असताना २०० मिलिमीटरचा लिव्हर प्रत्यक्षात १४० मिलिमीटरच उरतो, म्हणून रॉडवर ६४ न्यूटन येतात. दुप्पट सुरक्षितता धरून १३०. असा रॉड फिरवायला लागणारा टॉर्क काढताना लक्षात ठेवायचं ते म्हणजे साध्या त्रिकोणी आट्यांची कार्यक्षमता जेमतेम २० टक्के असते. बाकी सगळं घर्षणात जातं. उत्तर येतं ०.१८ न्यूटन-मीटर, बाजाराच्या भाषेत दोन किलोग्रॅम-सेंटिमीटरहून जरा कमी.

दोन किलो! त्यासाठी वायपर मोटर म्हणजे मुंगीला हत्तीचा पाय. पाच ते दहा किलोची, ६० आरपीएमची १२ व्होल्ट गिअर मोटर पुरते आणि ती अर्ध्या-पाऊण अँपिअरमध्ये चालते. शिवाय ज्या घर्षणाने ८० टक्के ताकद खाल्ली तेच घर्षण इथे आपल्या बाजूने उभं राहतं. वारा पॅनेलला कितीही ढकलो, नट रॉडला फिरवू शकत नाही. मोटर बंद असताना पॅनेल जिथल्या तिथे. स्टेपर मोटर घेतली असती तर थेट जोडणीत जागेवर धरून ठेवायलाच तिला सतत करंट पाजावा लागला असता.

आता खरेदी. वहीतले आकडे घेऊन काउंटरवर उभं राहिलं की संभाषण बदलतं. "काका, १२ व्होल्ट, ६० आरपीएम, कमीत कमी पाच किलो, ६ मिलिमीटर शाफ्ट." काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि आतल्या खणातून वेगळाच डबा काढला. मोटर तिथेच चालवून बघा; दुकानात बॅटरी किंवा सप्लाय असतेच. शाफ्टला चिकटपट्टीचा झेंडा लावून अर्धा मिनिट फेरे मोजायचे. एका दुकानात ६० लिहिलेली मोटर मिनिटाला शंभराच्या घरात फिरली. लेबल कुणी कुठे चिकटवलं देव जाणे. वेग जास्त म्हणजे त्याच मोटरमध्ये टॉर्क कमी, म्हणून हे मोजणं फुकटचं नाही. मग बोटाने (जपून, कापड धरून) शाफ्ट दाबून करंट किती वाढतो ते मीटरवर बघा. मागवलेल्या पार्सलमध्ये ही सोय नसते. घरबसल्या स्वस्त मिळतं हे खरं, पण तपासणी पैसे दिल्यानंतर होते. आम्ही मोटर, पोटेन्शिओमीटर आणि रिले हाताने निवडून घेतले, बोर्ड आणि घड्याळाचं मॉड्यूल मात्र मागवलं.

रॉड, नट, वॉशर, सगळं बोहरी आळीत. रॉड एक मीटरच्या लांबीत मिळतो. आम्हाला दोन्ही बाजूंना ४५ अंश जायला २८३ मिलिमीटर प्रवास हवा होता, म्हणजे चाळीस सेंटिमीटर पुरे. साधा नट न घेता रॉड जोडायचा लांब नट घ्या, आटे जास्त धरतो आणि डुलत नाही. घेताना रॉड काचेच्या काउंटरवर लोळवून बघा. वाकडा असेल तर लगेच टकटक करतो. दुकानदार जरा वैतागतात, पण देतात.

कपलिंग मात्र विकत मिळालं नाही. एका बाजूला ६ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला १२ चे आटे, असं कोण ठेवणार? ते आपल्या वर्कशॉपच्या मामांनी लेथवर करून दिलं, पण त्यांची अट होती: "मोटर हातात आणा, मग भोक पाडतो." डेटाशीटमध्ये ६ लिहिलंय म्हणून भोक ६ चं पाडायचं नाही, व्हर्निअरने शाफ्ट मोजून मगच. म्हणून खरेदीचा क्रमही महत्त्वाचा आहे. ज्या वस्तूवर बाकीच्या वस्तू अवलंबून असतात ती आधी. मोटर, मग कपलिंग, मग फ्रेमची भोकं. आणि मोटर फ्रेमला घट्ट आवळायची नाही. पॅनेल फिरतं तसा रॉडचा कोन बदलतो, म्हणून मोटरही एका बिजागरीवर झुलती हवी, नाहीतर रॉड वाकतो. हेही मामांनीच सांगितलं, पुस्तकात नाही.

ड्रायव्हरची गंमत ऐका. वेग कमी-जास्त करायचा नाही, फक्त पुढे-मागे करायचं, तर ट्रान्झिस्टरचा ब्रिज कशाला? दोन साधे १२ व्होल्टचे चेंजओव्हर रिले घेतले. दोन्ही रिलेंचे कॉमन मोटरच्या दोन टोकांना, बंद असताना दोन्ही निगेटिव्हवर. एक रिले ओढला की मोटर सुलटी, दुसरा ओढला की उलटी. दोन्ही बंद असले की मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली जाऊन तिला ब्रेक लागतो. आणि प्रोग्राममध्ये काही गडबड होऊन दोन्ही एकदम ओढले गेले तरी दोन्ही टोकं प्लसवर जातात, शॉर्ट होत नाही. रिले ओढायला यूएलएन-२००३ ही चिप, तिच्यात डायोड आधीच असतात.

दोन्ही टोकांना मायक्रोस्विच लावले ते प्रोग्रामच्या भरवशावर न राहता थेट मोटरच्या वायरीत. स्विच तुटला की मोटर थांबते. पण मग परत कशी फिरणार? स्विचला समांतर एक डायोड, उलट दिशेचा करंट जाऊ देणारा. १एन-४००७ हा एक अँपिअरचा असतो. मोटर अडकल्यावरचा करंट त्याहून जास्त मोजला गेला म्हणून आम्ही तीन अँपिअरचा १एन-५४०८ घेतला. फरक काही रुपयांचा.

सेन्सरवर आमच्यात खडाजंगी झाली. सगळे ट्रॅकर दोन एलडीआर आणि मध्ये पट्टी लावून सूर्य शोधतात. उन्हात ते झकास चालतं. पण ढग आले की आकाश सगळीकडून सारखंच उजळ दिसतं आणि पॅनेल इकडून तिकडे हेलकावे खातं. पुण्याच्या जुलैमध्ये असा ट्रॅकर म्हणजे चाळाच. सूर्य कुठे आहे हे विचारायची गरजच काय? तो वेळापत्रकाने चालतो. फिरण्याचा अक्ष उत्तरेकडे उचलून ध्रुवताऱ्याकडे रोखला (पुण्यात साधारण साडेअठरा अंश) की पॅनेलला तासाला बरोबर १५ अंश फिरायचं असतं. म्हणजे हवं ते फक्त घड्याळ. उन्हाळा-हिवाळ्याच्या टोकाला सूर्य उत्तर-दक्षिण साडेतेवीस अंशांपर्यंत जातो, तेव्हा आठ टक्के नुकसान होतं. तेवढं आम्ही सोसतो.

घड्याळासाठी डीएस-३२३१ चं मॉड्यूल. वर्षाला चूक मिनिट-दोन मिनिटांची, म्हणजे अर्धा अंश. दोन गोष्टी सांभाळा. पहिली, भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे आणि पुणे ७३.८५ वर. म्हणून पुण्यात सूर्य माथ्यावरून जातो तो सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास. ही पस्तीस मिनिटं धरली नाहीत तर पॅनेल कायम साडेआठ अंश पुढे राहतं. वर्षभरात सूर्य घड्याळाच्या आणखी सोळा मिनिटांपर्यंत मागेपुढे होतो, ते चार अंश आपल्या आठ अंशांत बसतात. दुसरी गोष्ट, त्या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करायचं सर्किट असतं, पण दुकानातून येणारा सेल बऱ्याचदा चार्ज न होणारा सीआर-२०३२ असतो. गच्चीवरच्या तापलेल्या डब्यात असा सेल चार्ज करणं धोक्याचं. त्या वाटेवरचा रेझिस्टर काढून टाका, घड्याळ तरीही सेलवर चालतं.

पॅनेल कुठे आहे हे सांगायला १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर, बिजागरीच्या दांड्यावरच बसवलेला. घेताना 'बी' लिहिलेला घ्या. तो सरळ रेषेतला असतो, 'ए' लिहिलेला आवाजाच्या नॉबसाठी असतो. तरी अक्षरावर विसंबू नका. नॉब मध्यावर ठेवून मीटर लावा, निम्मा रेझिस्टन्स आला पाहिजे. ३०० अंशांचे १०२४ भाग म्हणजे ०.३ अंश, आपल्या गरजेच्या कितीतरी पुढे.

शेवटचा हिशोब मात्र आम्हालाही अनपेक्षित होता. ४० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला १५० ते १८० वॅट-तास देतं. फिरवल्याने साधारण वीस टक्के वाढ धरली तर कमाई ३० ते ३६ वॅट-तास. मोटर दिवसभरात जेमतेम सहा मिनिटं चालते, एक वॅट-तासही खात नाही. पण साधा आर्डुइनो उनो बोर्ड नुसता बसून ५० मिलिअँपिअर घेतो. १२ व्होल्ट, २४ तास, म्हणजे १४ वॅट-तास! कमाईचा जवळपास निम्मा भाग मेंदूच गिळणार. म्हणून प्रो मिनी बोर्ड घेतला, त्याचा पॉवर एलईडी काढला आणि दोन हालचालींच्या मध्ये त्याला झोपवलं. रिले निवडण्याचं आणखी एक कारण हेच, बंद असताना ते काहीच खात नाहीत.

व्हायव्हात बाहेरच्या सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "एवढीशी मोटर कशी काय पुरते?" मंगळवेढेकराने वहीचं पान उघडलं आणि फळ्यावर वाऱ्यापासून सुरुवात केली. आम्हा तिघांना बोलायची वेळच आली नाही.

बिलाचं एक सांगायचं राहिलं. डिपार्टमेंटकडून पैसे परत हवे असतील तर जीएसटीचं पक्कं बिल मागा. भंगारातल्या आणि पेठेतल्या छोट्या दुकानांत कच्ची चिठ्ठी मिळते आणि ऑफिसात ती चालत नाही. म्हणून महागाच्या वस्तू पक्क्या बिलावर आणि किरकोळ वस्तू वर्गणीतून असं आधीच ठरवून घ्या.

सध्या पावसाळ्यासाठी रॉडला ग्रीस लावून वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचा पायजमा चढवलाय. उरलेला अर्धा मीटर एम-१२ रॉड, एक लांब नट आणि एक जास्तीचा रिले आमच्या खोलीत पडून आहे. ज्युनिअर्सपैकी ज्याला लागेल त्याने रात्रीच्या जेवणानंतर येऊन न्यावा.